शेजारी कोण बसणार? शिक्षकांसाठी मोफत ऑनलाइन साधने



मागच्या तिमाही सभेनंतर चहाच्या वेळी आपल्यापैकी तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "बाई, आता तर सगळे शिक्षण मोबाइलवर फुकट मिळते. मग पाड्यावरच्या अभ्यासवर्गासाठी वर्गणी कशाला गोळा करायची?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चहाच्या कपात देता आले नाही, म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे. शिकवण्याची मोफत साधने आज खरोखरच भरपूर आहेत. आपल्या मंडळींत अनेक जण शिक्षक आहेत, कुणी रविवारचा वर्ग घेतात, कुणी घरी नातवंडांचा अभ्यास घेतात. त्या सर्वांना उपयोगी पडावे म्हणून या साधनांची विषयवार ओळखही करून देते.

पहिला शनिवार

मराठी माध्यमाच्या शाळेत 31 वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आणि काशिमिऱ्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका पाड्यावर दर शनिवारी अभ्यासवर्ग घेऊ लागले. भाईंदर स्टेशनपासून तिथे पोहोचायला पाऊण तास लागतो. इकडे उंच इमारती, मॉल आणि वाहनांची रांग, तिकडे कुडाच्या भिंती आणि पाण्याच्या हंड्यांची रांग. दोन्ही एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. वर्गाला येणारी मुले बहुतेक वारली आणि कातकरी घरांतली.

पहिल्या शनिवारी मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप घेऊन गेले. पाऊस कसा पडतो याचा एक सुंदर व्हिडिओ शोधून ठेवला होता. पाड्यावर पोहोचल्यावर कळले, की तिथे नेटवर्क उंबराच्या झाडाखाली येते आणि वर्गाच्या पत्र्याखाली येत नाही. मग सगळी मुले घेऊन झाडाखाली गेलो. पडद्यावर चक्र गोल गोल फिरत राहिले. व्हिडिओ लागला तोच मध्ये जाहिरात आली आणि मुले हसू लागली. शेवटी निवेदक बोलू लागला ते शहरी, भरभर, पुस्तकी मराठीत. वीस मिनिटांनी मी विचारले, "काय कळले?" कुणीच बोलले नाही.

पुढे बसलेली सहावीतली एक मुलगी पडद्याकडे न पाहता वर पाहत होती. मी थोडे रागावूनच विचारले, "तुझे लक्ष कुठे आहे?" ती म्हणाली, "बाई, मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यात. पाऊस येणार." आणि तासाभरात पाऊस आला.

घरी परतताना मी बसमध्ये स्वतःवरच चिडले होते. पावसाचा धडा त्या मुलीला येत होता आणि मी तिला गप्प केले होते. माझ्या हातात साधन होते, पण तयारी नव्हती. मुलांची भाषा मला येत नव्हती आणि त्यांना काय ठाऊक आहे हे मी विचारलेही नव्हते.

रथातला वाचक

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून परतताना रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत असतो. ग्रंथ त्याच्या हातात आहे, वाचताही येते आहे. फिलिप्प धावत रथाजवळ जातो आणि वाचता ते समजते का, असे विचारतो. कुणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो अधिकारी म्हणतो आणि फिलिप्पाला वर येऊन आपल्याजवळ बसायला सांगतो.

आजच्या मोफत साधनांची गोष्ट नेमकी अशीच आहे. ग्रंथ रथात पोहोचला आहे. उणीव आहे ती शेजारी बसणाऱ्याची. आपली वर्गणी त्यासाठी आहे.

कोसबाडची जुनी वाट

ही गोष्ट आपल्या भागात नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे 1957 मध्ये ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली बहुतेक मुले वारली होती. महागडी परदेशी शैक्षणिक साधने आणणे शक्य नव्हते, म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून मोजणे, रंग ओळखणे, लहान-मोठे लावणे शिकवले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. आज देशभर वापरला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द याच कामातून आला.

कोसबाडची कसोटी मी आजही प्रत्येक ॲप आणि संकेतस्थळाला लावते. हे साधन मुलाच्या अंगणात नेता येते का? त्याच्या हाताला काही करायला मिळते का? त्याच्या घरच्या भाषेला जागा आहे का? तीनही उत्तरे 'नाही' असतील तर साधन कितीही सुंदर असो, मी ते बाजूला ठेवते.

फुकट आणि मुक्त

साधने पाहण्याआधी एक फरक समजून घेऊ. 'फुकट' म्हणजे पैसे न देता पाहता येणारे. 'मुक्त' म्हणजे त्याहून अधिक: छापता येणारे, वाटता येणारे, भाषांतर करता येणारे, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येणारे. अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साधने' म्हणतात. ही संज्ञा 2002 साली युनेस्कोच्या एका बैठकीत रूढ झाली. अशा साहित्यावर बहुधा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याचे चिन्ह असते आणि कोणत्या अटीवर वापरायचे ते तिथेच लिहिलेले असते. मूळ लेखक व चित्रकार यांची नावे देणे ही सर्वांत नेहमीची अट.

आपण प्रामाणिकपणे काम करणारी माणसे आहोत. फुकट मिळाले म्हणून परवानगी न पाहता छापून वाटणे बरे नाही. मुक्त साहित्य इतके आहे, की तसे करण्याची गरजही पडत नाही.

विषयवार साधने

*पाठ्यपुस्तके.* बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. पावसात वही-पुस्तक भिजलेल्या मुलासाठी एवढेच पुष्कळ असते. पुस्तकातल्या धड्याजवळ चौकोनी क्यूआर कोड असतो. तो 'दीक्षा' ॲपने टिपला, की त्या धड्याचे व्हिडिओ व सराव उघडतात. कॅमेरा खराब असेल तर कोडखालची सहा अक्षरे टाइप केली तरी चालते. दीक्षा हा केंद्र सरकारचा मंच 5 सप्टेंबर 2017 रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाला. यातले बरेच साहित्य आधी उतरवून ठेवता येते आणि नंतर नेटशिवाय दाखवता येते.

क्यूआर कोडची कल्पना वर्गात रुजवणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव आपण ऐकले आहे. डिसंबर 2020 मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. मला त्यांच्या कामातली आणखी एक गोष्ट मोठी वाटते. त्यांच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तकांचा मजकूर आधी मुलांच्या भाषेत आणला आणि मग त्याला कोड जोडले.

*वाचन.* माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडले ते 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्स या संस्थेने ते 8 सप्टेंबर 2015 रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, सुरू केले. त्यावर मराठीतल्या पुष्कळ सचित्र गोष्टी आहेत आणि त्या चार पातळ्यांत विभागल्या आहेत. पहिल्या पातळीत एका पानावर एखादे छोटे वाक्य, चौथ्या पातळीत सलग वाचता येणाऱ्यांसाठी मोठा मजकूर. सहावीतल्या मुलाला पहिल्या पातळीचे पुस्तक द्यायला संकोचू नका. जिथे वाचन अडते तिथूनच सुरुवात करायची. या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे छापता येतात आणि दुसऱ्या भाषेतही नेता येतात. देशातल्या अनेक आदिवासी भाषांत अशा गोष्टी तयार झाल्या आहेत. आपल्याकडच्या मेळघाटातली कोरकू त्यांपैकी एक आहे.

*मराठी भाषा.* वाईहून सुरू झालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. शिक्षकाने धड्याआधी एक नोंद वाचली तर वर्गात दहा प्रश्नांना उत्तरे देता येतात. शब्दांसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. राज्य शासनाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत. विज्ञानाचा इंग्रजी शब्द मराठीत काय, हे तिथे सापडते.

*गणित.* खान अकॅडमीचे पाठ व सराव पूर्णपणे मोफत आहेत आणि त्यांत जाहिराती नाहीत. मराठीतही पाठ मिळतात. थोड्या मोठ्या मुलांच्या भूमितीसाठी 'जिओजेब्रा' उत्तम. त्रिकोणाचा एक कोपरा बोटाने ओढला, की कोन बदलतात आणि तीन कोनांची बेरीज मात्र 180 अंशच राहते, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. पण दशक-एकक शिकवताना मी पडदा बंद ठेवते. चिंचोके घ्यायचे आणि दहा-दहाचे ढीग करायचे. हातचा घेणे म्हणजे काय, हे चिंचोक्यांइतके चांगले कोणतेही ॲप सांगत नाही.

*विज्ञान.* दोन नावे लक्षात ठेवा. पहिले अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या या अभियंत्याने टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी तयार केली आणि पुण्याच्या आयुका संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आणि पुस्तके मोफत आहेत, मराठीतही आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण आणि चौकोन करा. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. घराच्या छपराला आणि पुलाला त्रिकोण का असतात, हे मुले स्वतःच सांगतात. आमच्या पाड्यावर एका मुलाने कैचीकडे बोट दाखवून ते सांगितले.

दुसरे नाव 'फेट'. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 साली हा प्रकल्प सुरू केला. यात पडद्यावर करायचे प्रयोग आहेत: तार, सेल आणि बल्ब जोडून परिपथ करणे, तराजू समतोल करणे, अपूर्णांकाचे तुकडे जुळवणे. अनेक प्रयोग मराठीत भाषांतरित आहेत आणि एकेक प्रयोग उतरवून नेटशिवाय चालवता येतो. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे याचा मोठा आधार आहे. तरी एक खरा सेल आणि एक खरा बल्ब जवळ ठेवा. आधी पडद्यावर अंदाज, मग हाताने खात्री.

*परिसर, भूगोल, इतिहास.* इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उपग्रहातून टिपलेली चित्रे मोफत पाहता येतात. आमच्या मुलांनी त्यावर आपला पाडा शोधला. जंगल, घोडबंदर रस्ता, वसईची खाडी, भाईंदरची मिठागरे. नकाशावरचा निळा रंग म्हणजे पाणी, हे त्या दिवसानंतर पुन्हा शिकवावे लागले नाही. जुन्या काळासाठी ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर ऑनलाइन आहे. 1882 सालचे इंग्रजी गॅझेटियरही वाचायला मिळते. मात्र त्यात आदिवासी समाजांबद्दल परक्या राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिले आहे, हे लक्षात ठेवून वाचावे आणि मुलांपुढे तसेच ठेवू नये.

आकाशासाठी 'स्टेलॅरियम' हा मोफत संगणक कार्यक्रम आहे. झाडांसाठी 'सीझनवॉच' हा उपक्रम आहे. एक झाड निवडायचे आणि त्याची पाने, फुले, फळे केव्हा येतात याची नोंद नियमित करायची. पक्ष्यांच्या आवाजासाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे 'मर्लिन' ॲप आहे. हे ॲप मी पाड्यावर लावले तेव्हा त्याच मुंग्या पाहणाऱ्या मुलीने ॲपच्या आधी पक्षी ओळखला आणि घरचे नाव सांगितले. मला ते तीनदा विचारून लिहून घ्यावे लागले. त्या दिवशी ती प्रथमच वर्गात मोठ्याने बोलली.

*इंग्रजी आणि कला.* ब्रिटिश कौन्सिलच्या मुलांसाठीच्या संकेतस्थळावर गाणी, गोष्टी आणि शब्दांचे खेळ आहेत. शिक्षकाने आधी ऐकून उच्चार पक्के करावेत आणि मग वर्गात स्वतः म्हणावे. चित्रकलेत वारली चित्रे दाखवाल तेव्हा जिव्या सोमा म्हशे यांचे नाव जरूर सांगा. 2011 साली पद्मश्री मिळालेले हे चित्रकार डहाणू तालुक्यातले होते. आपल्या घराच्या भिंतीवरचे चित्र जगभर पोहोचले, हे मुलांना कळले पाहिजे.

नेट नसेल तर

पाड्यावर नेट नाही, हे कारण आता पुरेसे नाही. 'किविक्स' या मोफत कार्यक्रमाने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून मोबाइलच्या मेमरी कार्डावर ठेवता येतो. 'कोलिब्री' हा कार्यक्रम जुन्या संगणकावरही चालतो. शहरात नेट असताना त्यात धडे भरून घ्यायचे, मग पाड्यावर तो संगणकच आजूबाजूच्या मोबाइलना धडे पुरवतो. आमच्याकडे मंडळीतल्या एका कुटुंबाने दिलेला जुना लॅपटॉप यासाठी वापरतो. त्याची बॅटरी चाळीस मिनिटे टिकते, म्हणून धडाही तेवढाच ठेवतो.

काय जपावे

तीन गोष्टी सांगते. पहिली, दाखवण्याआधी व्हिडिओ शेवटपर्यंत स्वतः पाहा. माझी पहिल्या शनिवारची चूक तुम्ही करू नका. दुसरी, माहिती दोन ठिकाणी पडताळा. विकिपीडियावर कुणीही लिहू शकतो, म्हणून शंका आली की विश्वकोश किंवा पाठ्यपुस्तक उघडा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मुलांची नावे, फोन नंबर व फोटो कोणत्याही ॲपमध्ये भरू नका. नोंदणी लागली तर शिक्षकाने स्वतःच्या नावाने करावी. मुलांचे फोटो आपल्या ग्रुपवर टाकण्याचा मोहही आवरावा. आपली मदत घेतली म्हणून त्यांचा चेहरा आपल्या मालकीचा होत नाही.

शुक्रवारची तयारी

आता मी शनिवारच्या वर्गाची तयारी शुक्रवारी संध्याकाळी करते. एकच विषय आणि एकच मुद्दा ठरवते. एकच साधन निवडते. ते उतरवून घेते आणि फोन विमान मोडवर टाकून चालते का ते पाहते. मुलांना त्यातले आधीच काय ठाऊक असेल, याचे दोन प्रश्न वहीत लिहिते. हाताने करण्याची एक कृती आणि तिचे सामान पिशवीत टाकते. वर्गात आधी प्रश्न, मग कृती, आणि शेवटी दहा मिनिटे पडदा. पहिल्या शनिवारी हा क्रम अगदी उलटा होता.

या तयारीला दीड-दोन तास लागतात. मोफत साधनाची खरी किंमत ती आहे आणि ती कुणीतरी द्यावी लागते.

वीटभट्टीवर गेलेल्या गोष्टी

दिवाळीनंतर पाड्यावरची काही कुटुंबे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या वर्षी त्या मुलीचे घरही निघाले. मी तिच्या आईला म्हटले, "ताई, हिला आजीकडे ठेवा, वर्ष वाया जाईल." आई म्हणाली, "बाई, धाकट्याला कोण सांभाळंल?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी मी स्टोरीवीव्हरच्या बारा गोष्टी छापून, शिवून तिला दिल्या. तिच्या वडिलांच्या मोबाइलमध्ये मेमरी कार्ड घालून दिले. त्यात पाचवी-सहावीची पुस्तके, काही गणिताचे पाठ आणि अरविंद गुप्तांची खेळणी होती. शाळेतल्या तिच्या शिक्षकांनी नाव पटावर राहील याची काळजी घेतली.

जूनमध्ये ती परतली. मोबाइल मध्येच बिघडला होता, त्यामुळे कार्डावरचे फारसे काही पाहून झाले नव्हते. अपूर्णांक ती विसरली होती. मला वाईट वाटले. मग तिने प्लास्टिकच्या पिशवीतून बारा पुस्तके काढली. कोपरे दुमडलेले, पानांना विटांची लाल धूळ. तिने धाकट्याला मांडीवर घेतले आणि एक गोष्ट वाचून दाखवली. मराठीत वाचत होती आणि मध्येच थांबून त्याला घरच्या भाषेत समजावत होती. तिसऱ्या पातळीचे पुस्तक होते. दिवाळीत ती दुसऱ्या पातळीवर अडखळत होती.

तिच्याबरोबर गेलेला एक मुलगा मात्र परतल्यावर शाळेत गेला नाही. तो आता नाक्यावर कामाला जातो. त्यालाही मी तेवढीच पुस्तके दिली होती. त्याच्याजवळ बसून वाचणारे तिथे कुणी नव्हते, आणि मुलीलाही कुणी नव्हते. तरीही दोघांचे वेगळे का झाले, याचा विचार मी अजून करते. एवढे मात्र पक्के ठरवले आहे, की पुढच्या दिवाळीनंतर महिन्यातून एक रविवार भट्टीवर जायचे.

आपण काय करू शकतो

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. वर्गणी कशाला? पुस्तके छापायला, मेमरी कार्डांना, आणि भट्टीवर जाणाऱ्या दोघांच्या प्रवासखर्चाला. वर्गणीखेरीज आणखी काही देता येईल. घरात पडून असलेला चालू मोबाइल द्या. घरी चांगले नेट असेल तर महिन्यातून एक संध्याकाळ साहित्य उतरवून द्या. तरुणांनी किविक्स आणि कोलिब्री बसवून द्यावे. शिवणकाम येणाऱ्या भगिनींनी छापलेली पाने शिवून द्यावीत, टाचणीपेक्षा दोरा जास्त टिकतो. आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी एका शनिवारी माझ्याबरोबर चलावे. शिकवायची घाई नको. एका मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐका, एवढेच.

या पावसाळ्यात आम्ही आणखी एक काम हाती घेतले आहे. पाड्यावरच्या आजी ज्या गोष्टी सांगतात त्या मुलांनी ऐकून, देवनागरीत वारलीमध्ये लिहायच्या आणि चित्रे काढायची. आजींची परवानगी घेऊन त्या मुक्त साधन म्हणून सर्वांना द्यायच्या. आजवर आपण साधने पाड्यावर नेत होतो. आता पाड्यावरूनही एखादे साधन बाहेर येईल. पहिली गोष्ट लिहिण्याचे काम त्या मुलीने घेतले आहे. गोष्ट मुंग्यांची आहे.

गटात चर्चेसाठी

1. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8, वचने 26 ते 35 वाचा. फिलिप्पाने आधी प्रश्न विचारला, मग शिकवले. आपण मदत करताना आधी काय विचारतो?

2. वर दिलेल्या साधनांपैकी एक निवडा आणि त्याला कोसबाडचे तीन प्रश्न लावून पाहा: अंगणात नेता येते का, हाताला काम आहे का, घरच्या भाषेला जागा आहे का?

3. आपल्या घराजवळ असे कोणते मूल आहे, ज्याच्या हातात मोबाइल आहे पण शेजारी कुणी नाही? या महिन्यात त्याच्यासाठी आपण कोणता एक तास देऊ शकतो?

आपली बहीण,
शनिवारच्या वर्गाची बाई, भाईंदर